उजव्या पेटीतली गाठ

मास्तरांच्या घरी गेलेल्या माणसाला हवं तिथे बसता येत नसे. बैठकीच्या खोलीत चांगला ऐसपैस सोफा होता, दोन उंच स्पीकरच्या बरोबर समोर. पण त्यावर कुणी टेकायला गेलं की मास्तर त्याला हाताला धरून खिडकीपाशी नेत आणि एका लाकडी खुर्चीत बसवत. तिथून आवाज मोकळा लागतो, असं त्यांचं म्हणणं. खुर्चीचा एक पाय आखूड होता, खिडकीतलं ऊन नेमकं डोळ्यांवर यायचं, पण चांगल्या आवाजासाठी माणसाने एवढंही सोसू नये म्हणजे काय. सोफ्यावर बसायची मुभा घरात एकाच व्यक्तीला होती, ती म्हणजे मास्तरीणबाई. त्यांना आवाजातलं काही कळत नाही असं मास्तरांनी फार पूर्वीच ठरवून टाकलेलं असल्यामुळे त्या कुठेही बसल्या तरी चालत असे.

मास्तर म्हणजे तंत्रशाळेतल्या रेडिओ दुरुस्तीच्या वर्गाचे मास्तर. तीस वर्षं शिकवून निवृत्त झाले, वर्ग बंद पडला, रेडिओही बंद पडले, मास्तर मात्र चालूच राहिले. भंगारातून आणलेले ट्रान्सफॉर्मर, सुतळीने बांधलेले वायरींचे भेंडोळे आणि बिस्किटांच्या डब्यात रंगांप्रमाणे लावून ठेवलेले रेझिस्टर, असा त्यांचा संसार. मास्तरीणबाईंचा संसार उरलेल्या जागेत.

स्पीकरच्या त्या दोन पेट्या मास्तरांनी स्वतः बनवल्या होत्या, अकरा वर्षांपूर्वी. लाकूड स्वतः कापलं, माप स्वतः काढलं. फक्त आतल्या तारांना डाख मास्तरीणबाईंनी दिला, कारण पेटीच्या पुढच्या गोल भोकातून मास्तरांचा थोराड हात मनगटापर्यंतच जायचा आणि तिथे अडकून बसायचा. मास्तरीणबाईंचा हात कोपरापर्यंत गेला. त्यांनी सोल्डरची तापलेली सळई धरायला त्याच आठवड्यात शिकून घेतलं, दोन बोटं भाजली, आणि तिसऱ्या दिवशी त्यांचा डाख मास्तरांच्या जुन्या विद्यार्थ्यांपेक्षा चकचकीत पडू लागला. हे मास्तरांनी बोलून दाखवलं नाही. त्यांनी फक्त डाख पुन्हा एकदा चष्म्यातून पाहिला आणि हं म्हटलं. मास्तरांच्या हं मध्ये मावेल तेवढं कौतुक सगळं त्यात होतं.

पेट्या दिसायला देखण्या झाल्या, पण खर्ज काही लागेना. तबल्याचा डग्गा ऐकावा तर पुठ्ठ्यावर टिचकी मारल्यासारखा. मास्तरांनी निदान केलं, अँप्लिफायर कमजोर आहे. म्हणून नवा बनवला. तोही कमी पडला, म्हणून त्याहून मोठा. असं करता करता अकरा वर्षांत पाच अँप्लिफायर झाले. पहिला टेबलावर मावायचा. तिसऱ्याने पुस्तकांचं कपाट गिळलं. पाचवा तर इतका तापायचा की थंडीच्या दिवसांत मास्तरीणबाई त्याच्यावर धुतलेले मोजे वाळत घालत. खर्ज तरीही आला नाही. तेव्हा मास्तरांनी दुसरं निदान केलं की हल्लीच्या तबकड्यांमध्येच खर्ज राहिलेला नाही, आणि दुकानदार लोकांना काय, कव्हरावरचं चित्र दिसलं की पुरे.

हा टोला एका ठरावीक दुकानदाराला होता, आणि तो दुकानदार म्हणजे मास्तरीणबाईंचा सख्खा थोरला भाऊ.

दादांचं रेकॉर्डचं दुकान चिंचोळं होतं आणि खोल. दोन्ही भिंतींना लाकडी खण, खणांमध्ये उभ्या लावलेल्या तबकड्या, मागच्या बाजूला एक टेप रेकॉर्डर. एके काळी लोक हाताने लिहिलेल्या याद्या घेऊन येत आणि दादा त्याप्रमाणे कॅसेट भरून देत. यादीत बारा गाणी असली तर दादा अकराच भरत आणि बारावं आपल्या मनाचं घालत. गिऱ्हाईक भांडायला यायचं आणि त्याच गायकाची तबकडी विकत घेऊन जायचं. तो टेप रेकॉर्डर एकदा बिघडला तेव्हा दुरुस्तीला तंत्रशाळेतले तरुण मास्तर आले. काउंटरवर दादांची धाकटी बहीण बसली होती. त्यानंतर तो टेप रेकॉर्डर दर आठवड्याला बिघडू लागला. कधी पट्टा सैल, कधी हेडला धूळ. सहा महिन्यांत त्या यंत्राला जेवढे आजार झाले तेवढे एखाद्या माणसाला झाले असते तर तो वाचला नसता. शेवटी दादांनीच विचारलं, मास्तर, यंत्र घरी न्यायचंय का बहीण.

अशी ही जुनी सोयरीक. दर रविवारी मास्तर दुकानात जाऊन बसायचे, मागच्या स्टुलावर, आणि दोघं एकेका तबकडीवर तास तास वाद घालायचे. मास्तरीणबाईंना त्या वादातलं समजायचं नाही असं नाही, पण समजतं हे सांगून त्यांच्या आनंदावर पाणी कशाला पाडा, असा त्यांचा स्वभाव.

पेट्या झाल्या त्या रविवारी मास्तरांनी दादांना आणि वहिनींना मुद्दाम बोलावलं. दादा सोफ्यावर बसले. अजून खिडकीतल्या खुर्चीचा शोध लागायचा होता. एक बाजू पूर्ण ऐकून झाल्यावर ते म्हणाले की गाणारी बाई काही मध्ये उभी राहत नाही, भिंतभर सांडलीय. मास्तरांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. नेमकं काय चुकलंय ते सांगा, म्हणाले. दादांनी तोंड उघडलं, मग मिटलं, आणि आपल्याला काय कळतंय, आपण बापडे दुकानदार, असं काहीतरी पुटपुटून उठायला लागले. मास्तरांना ते कुजकट वाटलं. ते बोलून गेले की दुकानदाराने तबकड्या विकाव्यात, ऐकायच्या भानगडीत पडू नये. दादा चहा तसाच ठेवून वहिनींना घेऊन निघून गेले.

त्या दिवसापासून मास्तर दुकानाची पायरी चढले नाहीत आणि दादा या घराची. एकमेकांची खबर ठेवायचे, पण मास्तरीणबाईंच्या तोंडून. तुझ्या दादाचा गुडघा कसा आहे. मास्तरांचा चष्म्याचा नंबर वाढला का गं. मास्तरीणबाई दोन्हीकडे उत्तरं देत आणि सकाळी डोळे मिटून हात जोडत तेव्हा एकच मागत, की या दोघांना एकदा समोरासमोर बसव. बाकी त्यांचं मागणं फारसं नसे. त्यांचा एक जुना नेम होता, खोटं बोलायचं नाही. तो पाळताना फार काही कठीण गेलं नाही, कारण घरात त्यांना विचारतंच कोण होतं.

आता दादा दुकान बंद करत होते. वय झालं, गिऱ्हाईक उरलं नाही, आणि दूरच्या शहरात लेक राहायची ती दादा-वहिनींना कायमचं बोलावत होती. येत्या शनिवारी किल्ली मालकाच्या हातात देऊन रविवारी सकाळी निघायचं, असं ठरलं. मास्तरीणबाई रोज दुपारी जाऊन तबकड्या खोक्यांत भरायला मदत करत. मास्तर विचारत, खोकी जाड पुठ्ठ्याची आहेत ना. एवढंच.

नेमकं याच सुमाराला पेट्यांमधले वूफर फरफरायला लागले. वूफरच्या काळ्या पडद्याभोवती फोमची मऊ कड असते, ती अकरा वर्षांत झिजून भुगा झाली होती. नवी कड चिकटवायची तर हात स्थिर हवा, आणि मास्तरांच्या हाताला आता थोडा कंप होता. तेव्हा काम मास्तरीणबाईंकडे आलं. सोमवारी त्यांनी डाव्या पेटीचं केलं. मंगळवारी मास्तर बाजारात गेलेले असताना उजव्या पेटीचे आठ स्क्रू काढले, वूफर बाहेर उचलला, आणि त्यांचं लक्ष वायरीकडे गेलं.

ती वायर शाळेच्या अडगळीतून आणलेली होती, दोन्ही तारा पांढऱ्या. कुठली पेटीमागच्या लाल खुंटीला जायची नि कुठली काळ्या, हे ओळखायला एका तारेला गाठ मारायची पद्धत. डाव्या पेटीची वायर मास्तरीणबाईंनीच कापली होती, गाठही त्यांनीच मारली होती. गाठ म्हणजे लाल. शिवणाची सुरुवात गाठीने होते, तसंच हे. उजव्या पेटीची वायर मात्र मास्तरांनी कापून, एका तारेच्या दोन्ही टोकांना गाठ मारून, मागची बाजू स्वतः जोडून ठेवली होती. मास्तरीणबाईंनी पुढून हात घालून गाठीची तार वूफरच्या लाल ठिपक्याला डाखली होती. आता त्या तीच तार बोटाने चाचपत मागपर्यंत गेल्या. मागे ती काळ्या खुंटीला होती. मास्तरांच्या कार्यशाळेत गाठ म्हणजे काळी. तीस वर्षं मुलांना तेच शिकवलं. घरी सांगायची गरज त्यांना वाटली नाही, आणि विचारायची गरज मास्तरीणबाईंना वाटली नाही.

म्हणजे डावा पडदा पुढे यायचा तेव्हा उजवा मागे जायचा. एक देतोय, दुसरा काढून घेतोय. खर्ज मध्येच गडप, आणि गाणारी बाई भिंतभर. दादा बरोबर बोलले होते. मास्तरीणबाई वूफर मांडीवर घेऊन तिथेच जमिनीवर बसून राहिल्या. पाच अँप्लिफायर त्यांच्याकडे बघत होते.

मग त्यांनी सळई तापवली आणि दोन तारांची अदलाबदल करून टाकली. न सांगणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे, असं मनाशी म्हणाल्या. आणि म्हटल्याबरोबरच त्यांना उमजलं की खऱ्याला असं वकील द्यावं लागत नाही.

संध्याकाळी मास्तरांनी आपल्या आवडीची तबकडी लावली, खुर्चीत बसले, डोळे मिटले. मास्तरीणबाई सोफ्यावर होत्या. इतकी वर्षं त्या सोफ्यावर पाचेक मिनिटं बसल्या की डोकं जड व्हायचं आणि त्या स्वयंपाकघरात निघून जायच्या. मास्तर त्याला नावड म्हणत. आज डोकं जड झालं नाही. दोन पेट्यांच्या मधल्या रिकाम्या जागेत, तीन पावलांवर, कुणी बाई उभी होती. ओळ उचलण्याआधी तिने घेतलेला श्वाससुद्धा ऐकू आला. आणि डग्ग्याची थाप पायाखालच्या फरशीतून वर आली. मास्तरीणबाईंना भरून आलं. तेवढ्यात मास्तर उठले आणि त्यांनी सुई उचलली.

बिघडवलंस, ते म्हणाले. आवाज आवळला. सगळं मध्ये गोळा झालंय, तुझ्या दादाच्या दुकानात वाजायचं तसं. काय केलंस काय, गोंद जास्त लावलास का.

खरं तर गोंदावर भागलं असतं.

"गोंद नाही," मास्तरीणबाई म्हणाल्या. "उजव्या पेटीतली वायर उलटी होती. तुमची गाठ काळी, माझी गाठ लाल. आज सरळ केली."

मास्तर हसले. शिकाऊ मुलाने काही भलतंच सांगितलं की हसत तसे. मग त्यांनी विजेरीतला सेल काढला, अँप्लिफायरच्या वायरी सोडवल्या आणि सेलचा स्पर्श डाव्या पेटीच्या खुंट्यांना केला. पडदा टुणकन पुढे आला. उजव्याला केला. तोही पुढे आला. मग मास्तरीणबाईंकडून वायर पुन्हा होती तशी करवून घेतली आणि सेल लावला. उजवा पडदा आत गेला. हे त्यांनी तीनदा करून पाहिलं. तिसऱ्यांदा आत गेल्यावर त्यांनी मुकाट्याने वायर सरळ करायला सांगितली आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा सोफ्यावर जाऊन बसले. तबकडीची पूर्ण बाजू ऐकली. संपल्यावर सुई आतल्या चरीत खरखरत राहिली तरी उठले नाहीत.

मग त्यांनी विचारलं, दादाला हे सांगायची काही गरज आहे का. मास्तरीणबाई म्हणाल्या की आपण होऊन सांगणार नाही, पण त्यांनी विचारलं तर खोटं बोलणार नाही.

झालं. बुधवारी मास्तरांना खोकला झाला, इतका की बायकोने जवळून हलू नये. गुरुवारी त्यांनी स्वतः केर काढला आणि केर काढताना पाठीत उसण भरली. शुक्रवारी त्यांना मास्तरीणबाईंच्या गुडघ्यांची काळजी वाटू लागली, ज्या गुडघ्यांबद्दल त्यांनी वीस वर्षांत चौकशी केली नव्हती. मास्तरीणबाई खोकल्याला काढा देऊन, पाठ शेकून, गुडघ्यांसकट रोज दुकानात गेल्या. दादांनी काही विचारलं नाही. विचारतील तरी का. आणि खोकी भरता भरता मास्तरीणबाईंच्या मनात एकच घोळू लागलं. भाऊ परवा निघून जाणार. आपण मारलेल्या एका डाखामुळे दोघं तुटले, आणि आपण मात्र नेम पाळल्याचं समाधान घेऊन गप्प बसलोय. असला नेम काय कामाचा.

शुक्रवारी जेवणं झाल्यावर त्यांनी ताटं उचलली आणि परत येऊन मास्तरांसमोर बसल्या.

"उद्या मी दादाला सांगणार आहे."

"काय सांगणार?"

"माझं अर्धं. गाठ दिसली आणि विचारलं नाही, ते माझं. तुमचं अर्धं तुमच्यापाशी ठेवा, मी त्याला हात लावणार नाही."

मास्तर विचारात पडले. "अर्धं कसं सांगता येईल? ऐकणाऱ्याला वाटेल सगळी चूक तुझीच."

"वाटू दे की."

मास्तर पाणी प्यायले. भांडं खाली ठेवलं, पुन्हा उचललं, ते रिकामं होतं. शेवटी म्हणाले, "मग मी येतो. तू तांत्रिक भाग चुकीचा सांगशील."

शनिवारी दुपारी दोघं दुकानात गेले. खण रिकामे झाले होते. भिंतीवर जिथे वर्षानुवर्षं कव्हरं लटकत होती तिथे रंगाचे स्वच्छ चौकोन उमटले होते. दादा शिडीवर चढून वरच्या खणाची धूळ पुसत होते. मास्तरांना पाहून त्यांचा हात थांबला. मग ते सावकाश एकेक पायरी उतरले, फडकं झटकलं, आणि मास्तर काय बोलतात याची वाट बघत उभे राहिले.

मास्तरांनी घसा साफ केला आणि फळ्यासमोर उभं राहिल्यासारखं सुरू केलं. समजा, एक पेटी आहे. समजा, तिच्यात दोन तारा आहेत, दोन्ही पांढऱ्या. समजा, एकाने एका हिशेबाने गाठ मारली. समजा समजा करत त्यांनी सगळं सांगितलं, अगदी सेल लावून पडदा कसा आत जातो तेही दोन्ही तळहात हलवून दाखवलं. मास्तर थांबले तेव्हा दादांनी विचारलं,

"उजवी पेटी ना?"

मास्तरांचे तळहात हवेतच राहिले. मी उजवी म्हणालोच नाही, ते म्हणाले.

दादा एका भरलेल्या खोक्यावर टेकले. त्याच दिवशी कळलं होतं, म्हणाले. सोफ्यावर बसून डोकं थोडं फिरवलं की समजतं, आणि डग्ग्याच्या थापेला उजवा पडदा आत जाताना दिसतही होता. सांगणारच होते, तोंडसुद्धा उघडलं होतं. पण समोर स्वयंपाकघराच्या दारात ही उभी. दोन बोटांना पट्ट्या बांधलेल्या, आणि वहिनीला सांगत होती की आतला एकूण एक डाख माझा आहे. लहानपणी पहिल्या नंबराने पास होऊन आल्यावर चेहरा व्हायचा तसा चेहरा. तिच्यासमोर कसं म्हणू की बाई, तुझं काम चुकलं? म्हटलं, मास्तरांचे कान तिखट आहेत, दोन-चार दिवसांत आपोआप ओळखतील.

"आणि मग," दादा म्हणाले, "हिने येऊन सांगितलं, नवा अँप्लिफायर केला. मग दुसरा. तिसरा झाला त्या दिवशी मला घास उतरला नाही, मास्तर. पण तोपर्यंत सांगायची वेळ निघून गेली होती."

मास्तर पडल्या आवाजात म्हणाले की पाच झाले. माहीत आहे, दादा म्हणाले. मोज्यांचंही माहीत आहे.

आणि मास्तरांना हसू आलं. आधी नाकातून, मग खांदे हलायला लागले. दादाही हसले. दोघं एकमेकांच्या दंडाला धरून असे हसले की वरच्या खणातली उरलेली धूळ खाली आली. आता मास्तरीणबाई डोळे पुसतील असं दोघांनाही वाटलं असावं, कारण दोघांनी एकदमच त्यांच्याकडे पाहिलं.

मास्तरीणबाईंचे डोळे कोरडे होते. त्या कंबरेवर हात ठेवून उभ्या होत्या, आणि गेल्या चाळीस वर्षांत त्यांना असं उभं राहिलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

"एक तार सोडवून दुसरीकडे डाखायला मला किती वेळ लागला, ठाऊक आहे?" त्यांनी विचारलं. आवाज नेहमीसारखाच, हळू. "पाच मिनिटं. त्यातली तीन सळई तापायची. त्या दिवशी म्हणाला असतास तर तुझा चहा निवायच्या आत करून दिलं असतं. तू माझं मन जपलंस. यांनी यांचं नाक जपलं. आणि तुमच्या दोघांच्या जपणुकीत मी अकरा वर्षं इकडून तिकडे फेऱ्या घातल्या. मला विचारलं कुणी?"

दादा म्हणाले की तुला वाईट वाटेल म्हणून. मास्तरीणबाई म्हणाल्या की वाईट वाटलं असतं, संध्याकाळपर्यंत. मास्तर मान डोलावून म्हणाले, बरोबर आहे तिचं. त्यावर त्यांनी मास्तरांकडे पाहिलं, आणि मास्तरांनी मान डोलावणं थांबवलं.

दोघंही वर्गाबाहेर काढलेल्या पोरांसारखे खोक्यांना चिकटून उभे राहिले. दादा ओठ न हलवता म्हणाले, तुम्ही बोला, तुमची बायको आहे. मास्तर तसेच पुटपुटले, तुमची बहीण आधीपासून आहे, अनुभव तुम्हाला जास्त. अशी रागावली की लहानपणी काय करायचे, मास्तरांनी विचारलं. दादांनी खूप आठवून पाहिलं. ती कधी रागावलीच नाही, ते म्हणाले, आणि हे सांगताना त्यांचा चेहरा जरा उतरला.

मास्तरीणबाईंनी खालच्या खणाकडे बोट केलं. तिथे अजून दोनशेक तबकड्या होत्या. सहाच्या आत भरून व्हायला हव्यात, म्हणाल्या, किल्ली द्यायची आहे. आणि स्वतः मात्र काउंटरमागच्या त्या जुन्या जागी जाऊन बसल्या.

दोन म्हातारे गुडघे कुरकुरवत खाली बसले. पहिली चार खोकी गुमान भरली. पाचव्यात मास्तरांनी एक तबकडी आडवी ठेवली आणि दादांनी ती उभी केली. आडवी ठेवली की वाकते, दादा म्हणाले. दोन तासांच्या प्रवासात कुणाची वाकलीय, मास्तर म्हणाले. दोन तास नाहीत, नऊ तास आहेत, दादा म्हणाले. तेव्हा मास्तरांचा हात थांबला. नऊ तास म्हणजे केवढं लांब, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, कारण त्यांनी विचारलं नव्हतं.

त्यांनी तबकडी उभीच राहू दिली. मग मान वर न करता म्हणाले की पुढच्या महिन्यात आपल्याला तशी काही घाई नसते, लेकीच्या घरी तुम्ही काय यंत्र लावताय ते कुणीतरी येऊन बघायला हवं, नाहीतर तुम्ही काहीही जोडून ठेवाल. दादा म्हणाले, या की. दोघं या.

मास्तरीणबाईंनी ते ऐकलं. पण राग अजून थोडा शिल्लक होता आणि तो त्यांना फार दिवसांनी मिळाला होता, म्हणून त्यांनी मान वळवली नाही. घड्याळाकडे पाहून त्या एवढंच म्हणाल्या की साडेपाच झाले, हात चालवा.